हरडबाई आणि वाचनालयांचं भविष्य

शहापूरच्या आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी एके काळी होती म्हणतात. हरडबाई ग्रंथपाल झाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती भिंतीवरून उतरवली. मागच्या कोऱ्या बाजूवर वाचनालयाची वेळ लिहिली आणि दाराबाहेर टांगून टाकली. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कुजबुजायला माणसं मयताला जातात. हितं बोलायचं. पुस्तकावर बोलायचं, घरातल्या भानगडींवर नाय."

स्वतः त्या एवढ्या मोठ्याने बोलत की बाजारात भाजी घेणाऱ्यालाही कळे, आज कुणी तरी पुस्तक भिजवून आणलंय. या आवाजाचं कारण त्यांच्या घरात होतं. त्यांचे यजमान, आबा, पिठाची गिरणी चालवायचे. "गिरणीवाल्याशी संसार केलाय मी," बाई सांगायच्या. "हळू बोलून मीठ मागितलं तर तो मिरची आणून देतो."

उंच, हाडापेराने मजबूत बाई. पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. परत आलेलं पुस्तक त्या आधी नाकाशी न्यायच्या. त्या वासावरून पुस्तक कुठल्या घरी, कुठल्या कोपऱ्यात राहून आलं ते त्यांना कळायचं, आणि कळलेलं त्या सगळ्यांसमोर जाहीर करायच्या. "ह्ये सुकटीच्या डब्यावर ठेवलं व्हतं." "ह्ये तुमच्या सासऱ्यानं वाचलंय, विडी ओढत." एकदा एका पोक्त गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "पुस्तक उघडलेलंच नाय तुमी. दुकानाचा वास तसाच हाये." गृहस्थ पुस्तक घेऊन खाली मान घालून परत घरी गेले.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत इंग्रजी शिकवायला शहापूरला आलो. खोली भाड्याची, जेवण खानावळीत. संध्याकाळी काय करायचं म्हणून वाचनालयात गेलो आणि समीक्षेचा एक जाडजूड ग्रंथ मागितला. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवीन मास्तर का तुमी?"

अख्खं गाव मला सर म्हणायचं. बाईंनी मला शेवटपर्यंत मास्तरच म्हटलं.

"एकटे राहता, खानावळीत जेवता. त्यावर ह्ये वाचलंत तर आणखीन सुकाल," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात कोकणातल्या सापांवरचं एक पुस्तक ठेवलं. "गावात ऱ्हायचंय ना? मंग शेजारी कोण कोण हाये त्ये आधी बघून घ्या."

आठवड्याने पुस्तक परत करायला गेलो. बाई म्हणाल्या, "सांगा."

"काय सांगू?"

"काय व्हतं त्यात?"

त्यांचा नियमच होता तो. पुस्तक नुसतं टेबलावर ठेवून परत होत नसे. त्यात काय होतं ते सांगावं लागे, आणि जो कोण तिथे हजर असेल त्याच्या देखत. मी एम.ए. झालेला माणूस, दोन शाळकरी मुली आणि एक पेन्शनर यांच्यासमोर उभा राहून घोणस आणि फुरसं यांतला फरक सांगायला लागलो. मध्येच पेन्शनरांनी मला दुरुस्त केलं. मुली हसल्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच पुस्तकावर पुढची तारीख मारून ते माझ्याकडे सरकवलं.

"परत वाचून या."

मला राग आला होता. पण मी परत वाचलं, आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. त्या दिवसापासून मी त्या वाचनालयाचा झालो. पुढे कार्यकारिणीत गेलो, पण बाईंसमोर माझं स्थान वाचकाचंच राहिलं.

बाईंचं शिक्षण मॅट्रिक आणि ग्रंथपालनाचा प्रमाणपत्राचा वर्ग, एवढंच. त्याचा त्यांना संकोच नव्हता. उलट आपण या तालुक्यातल्या सगळ्यांत चांगल्या ग्रंथपाल आहोत असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणालाही, न विचारता, सांगत. त्यांचा कामाचा सिद्धांत एकच होता. माणूस पुस्तकाकडे येत नाही, कारण त्याला वेळ नाही. पण जिथे तो वाट बघत बसतो तिथे त्याच्याकडे वेळच वेळ असतो. तेव्हा पुस्तक तिथे न्यायचं.

पहिला प्रयोग घरातच झाला. गिरणीत बायका दळणाचे डबे ओळीने लावून तासन्‌तास बसायच्या. बाईंनी तिथल्या कट्ट्यावर फळांचं एक रिकामं खोकं ठेवलं आणि त्यात वाचनालयाची पुस्तकं लावली. वाचनालयाचे अध्यक्ष तात्या हे पेठेतले भुसार व्यापारी. सज्जन माणूस, पण काळजीखोर. ते धावत आले.

"अहो बाई, पुस्तकं आवाराबाहेर ठेवायची नाहीत असा नियम आहे!"

"मंग आवार वाढवा," बाई म्हणाल्या.

खोकं तिथेच राहिलं. लग्नानंतर अक्षराशी संबंध सुटलेल्या सुना पुन्हा एकेक ओळ वाचू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी एकजण मोठ्याने वाचायची, आणि पट्ट्याच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून अक्षरशः ओरडून वाचायची. रंगात आलेली गोष्ट अर्ध्यावर असली की बायका आबांना सांगायच्या, "आबा, माझं दळण मागं ठेवा, पयलं तिचं घ्या." गिरणीत नंबर सोडून देणारी माणसं मी फक्त तिथेच पाहिली. त्या खोक्यातली पुस्तकं पुढे कधीही हातात घेतली तरी पानांतून तांदळाचं पीठ भुरभुरायचं.

दुसरा प्रयोग म्हशाच्या जत्रेत. म्हसा हे बाईंचं माहेर. मुरबाडकडची ही जत्रा म्हणजे बैलांचा मोठा बाजार. माणसं घाटावरून जनावरं घेऊन येतात आणि सौदा जमेपर्यंत दिवसच्या दिवस झाडाखाली बसून असतात. "बघा मास्तर," बाई मला म्हणाल्या, "येवढी मानसं नुसती वाट बघत बसल्यात. आनि आपली पुस्तकं कपाटात बसल्यात." त्या हिवाळ्यात त्यांनी दोन ट्रंका भरल्या, एसटीच्या टपावर चढवल्या आणि आबांना व मला सोबत घेऊन म्हसा गाठलं. घोंगडीवाल्यांच्या शेजारी चादर अंथरली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'पुस्तक न्या. पुढच्या जत्रेला आणून द्या. पैसे नाहीत.'

सुरुवातीला लोक लांबूनच बघत होते. फुकट म्हटल्यावर त्यांना काही तरी काळंबेरं वाटलं असावं. मग डोक्याला फडकं बांधलेला एक उंच शेतकरी पुढे आला. घाटावरचा होता. त्याने चादरीवरची सगळी पुस्तकं उलथीपालथी केली आणि एक जाड ऐतिहासिक कादंबरी उचलली.

"गाव लांब हाय माझं," तो म्हणाला. "न्हाई आलो तर?"

"तर तुमच्या गावात एक पुस्तक झालं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत दोन्ही ट्रंका रिकाम्या झाल्या. तात्यांना कळलं तेव्हा ते खुर्चीत बसूनच राहिले.

पुढच्या वर्षी जत्रेच्या पहिल्या सकाळी बाई चादरीवर बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना गप्प पाहत होतो. दहा वाजले, अकरा वाजले. आबांनी आणलेला चहा निवून गेला. मग एकेक जण येऊ लागला. कुणी धोतराच्या सोग्यात पुस्तक बांधून आणलेलं, कुणी बैलगाडीच्या गवतात खुपसून. सगळी नाही आली, पण बरीच आली. दुपारी घाटावरचा तो उंच शेतकरी आला. पुस्तकाला त्याने पेंडीच्या पोत्याचं जाड कव्हर शिवलं होतं, आणि त्याच्या मागे त्याच्या गावची आणखी तिघं होती.

"बैलं घ्यायला आलात?" मी विचारलं.

"बैलं हायेत घरी," तो म्हणाला. "ही मंडळी पुस्तकं घ्यायला आल्यात."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. क्षणभरच. मग त्यांचा तो नेहमीचा आवाज सबंध बैलबाजारात घुमला, "आबा! च्या सांगा! सगळ्यांना सांगा!"

बाईंचं कडक वागणं सगळ्यांच्या वाट्याला यायचं, पण त्यांची मायाही मी एकदा जवळून पाहिली. डोंगरातल्या ठाकूरवाडीतली सुवर्णा नावाची मुलगी शहापूरला शिकायला होती. ती पुस्तकं न्यायची, पण परत करायची वेळ आली की दाराशी घुटमळायची, कारण सांगावं लागेल. एक दिवस बाईंनी तिला धरून आत आणलं.

"सांग गो."

मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग एकदम, भडाभडा, आपल्या वाडीच्या बोलीत बोलायला लागली. बाकावरची दोन-तीन मुलं फिदीफिदी हसली. बाईंनी त्यांच्या हातातली पुस्तकं काढून घेतली आणि दार दाखवलं. "हिची गोष्ट ऐकायची लायकी येईल तवा या." मग सुवर्णाकडे वळून म्हणाल्या, "तू असंच सांग. तुझ्या आजीला सांगशील तसं." त्या दिवशी आम्ही ती गोष्ट वाडीच्या बोलीत ऐकली. मला अर्धीच समजली, तरी मी ती अजून विसरलेलो नाही. पुढे सुवर्णा पुण्याला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकली. वाडीत ते कुणाला नीट सांगता येत नसे, तिची आई म्हणायची, "हरडबाई व्हायला शिकतेय."

अशी वर्षं गेली. पेठेत एसटीडीचे बूथ आले आणि गेले, हातोहाती मोबाइल आले. दोन हजार सालानंतर वाचनालयातले बाक जरा रिकामे दिसू लागले हे खरं. मुलं जितूच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली होती. जितू हा तिशीतला तरुण, धडपड्या. पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत आता मुलं मावेनात. त्याने वाचनालयाचा हॉल भाड्याने मागितला.

तात्यांनी ते कार्यकारिणीत मांडलं. त्यांच्यापाशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. छप्पर गळत होतं, अनुदान वेळेवर येत नव्हतं. "आता सगळं इंटरनेटवर मिळतं, बाई," ते म्हणाले. "पुस्तकं आपण मागच्या खोलीत नीट ठेवू. टाकून नाही देणार." ठराव वार्षिक सभेत यायचा होता.

बाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वाचक येत, पुस्तक ठेवत, बाई तारीख मारून घेत. कुणाला 'सांग' म्हणाल्या नाहीत, कुठलं पुस्तक नाकाला लावलं नाही. वाचनालयात इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आबा संध्याकाळी मला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "सर, घरी बोलतच नाय हो ती. मला गिरणी बंद पडल्यासारखं वाटतंय."

त्याच आठवड्यात सुवर्णाची ई-मेल मला आली. वाचनालयांच्या आणि ग्रंथपालांच्या भविष्यावर एक परिषद भरणार होती. सगळी इंटरनेटवर; जगातल्या कुणीही घरबसल्या ऐकायचं, नाव दिलं तर दहा मिनिटं बोलायचंही. फी नाही. 'सर, बाईंना सांगा,' तिने लिहिलं होतं. मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि बाईंना वाचून दाखवलं. खरं तर त्यांचं मन जरा रमावं एवढाच हेतू होता.

बाईंनी मान वर केली. "कशाच्या भविष्यावर?"

"वाचनालयांच्या."

"आनि कोण ठरवतंय?"

"ठरवत नाहीत हो, बोलणार आहेत. जगभरातले ग्रंथपाल."

"मी ग्रंथपाल हाये का नाय?" त्यांचा आवाज हळूहळू परत येत होता. "माझ्या वाचनालयाचं भविष्य मला न इचारता ठरवायचं म्हंजे काय? आधी तात्या, आता ह्ये. घाला माझं नाव!"

"बाई, सगळं इंग्रजीत आहे."

"मंग तुमी कशाला हाय?"

नाव घातलं. उत्तर आलं: मराठीत बोलायला हरकत नाही, दुभाषी आणावा. वेळही कळवली, दुपारची. आता प्रश्न राहिला जागेचा. कॅमेरा, माइक आणि बऱ्यापैकी इंटरनेट सबंध पेठेत एकाच ठिकाणी होतं: जितूच्या क्लासात.

बाई पदर खोचून सरळ त्याच्याकडे गेल्या. मी मागे. "जितू, तू माझा हॉल मागतोस. त्याचं सभेत बघू. पन मला शुक्रवारी दुपारी तुझा कॉम्प्युटर पायजेल."

जितू गडबडला. मग हसला. "घ्या की. पण बाई, शुक्रवारी दुपारी लाइट नसते. लोडशेडिंग."

हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जितूकडे इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी मरायला टेकलेली. बाई तिथूनच मंडपवाल्याच्या घरी गेल्या. तो म्हशाच्या जत्रेपासूनचा त्यांचा वाचक. लग्नात लावायचा त्याचा मोठा जनरेटर शुक्रवारी सकाळीच क्लासच्या दारात येऊन उभा राहिला.

भाषण मी लिहून दिलं होतं. चांगलं भारदस्त, 'ज्ञानसंवर्धन' वगैरे शब्द घालून. बाईंनी ते आठवडाभर पाठ केलं. शिवाय एक इंग्रजी वाक्य माझ्याकडून मागून घेतलं आणि ते गिरणीत, घरात, रस्त्यात म्हणून म्हणून घासूनपुसून लख्ख केलं. शुक्रवारी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. बूट तेच. क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतल्या बायका, पेन्शनर, शाळेतली मुलं. दाराच्या चौकटीला टेकून तात्याही उभे होते.

जनरेटर सुरू झाला आणि खिडक्या थरथरायला लागल्या. पडद्यावर आधीचे वक्ते बोलत होते, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचे. आवाज थकलेला. माणसं येत नाहीत, म्हणत होते. मी बाईंच्या कानात सांगत होतो.

"येवढं मोठं ग्रंथालय, आनि त्यांच्याकडेबी येत नाय कोन?" बाईंनी विचारलं.  त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांना घाबरलेलं म्हशानंतर प्रथमच पाहत होतो.

मग पडद्यावर बाईंचा चेहरा आला. बाईंनी आपल्यालाच बघून पदर सारखा केला आणि त्यांचं इंग्रजी वाक्य ठणठणीत आवाजात म्हटलं. नमस्कार, मी शहापूरची ग्रंथपाल. क्लासात टाळ्या पडल्या. तेवढ्यात पलीकडून परिषदेच्या संयोजिकेने अदबीने विचारलं की मागे कसला आवाज येतोय. मी मराठीत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, ह्ये आमचं भविष्य हाये. सध्या डिझेलवर चाललंय."

मी सांगितलं, आणि पलीकडे जगातल्या कुठल्या कुठल्या गावातली माणसं एकदम हसली. त्या हसण्याने बाईंची भीती गेली. माझं भारदस्त भाषण त्यांनी दुमडून माझ्याकडे दिलं आणि बोलायला लागल्या. गिरणी सांगितली, पीठ सांगितलं, म्हसा सांगितलं. वाडीच्या बोलीतली गोष्ट सांगितली. मी धापा टाकत मागून इंग्रजी करत होतो. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि माइक चालू असतानाच माझ्यावर ओरडल्या.

"मास्तर, मी येवढं सगळं बोलले आनि तुमी येवढंसंच सांगितलं? घाटावरचा मानूस कुठं गेला?"

पलीकडे पुन्हा हशा. त्यांना शब्द कळले नव्हते, पण बाई कळल्या होत्या. मी निमूटपणे घाटावरच्या माणसाला परत आणलं.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. कुणी थांबवलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. शेवटी एका बाईंचा आवाज आला. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं, समुद्रकाठचं गाव. त्यांचं छोटं ग्रंथालय पुढच्या महिन्यात बंद होणार होतं. कुणी येत नाही म्हणून. त्यांनी विचारलं, मी काय करू? विचारताना त्यांचा आवाज फुटला.

मी भाषांतर केलं.  बाई खुर्चीतूनच पडद्याकडे झुकल्या. त्या बाईंचं चित्र दिसत नव्हतं, तरी त्या पडद्याकडेच बघून बोलल्या.

"तिला म्हनावं रडू नको. तिला इचारा, तिच्या गावात मानसं वाट बघत कुठं बसतात?"

मी विचारलं. मग उत्तर आलं: कपडे धुवायच्या दुकानात, तिथे यंत्रं लावून लोक बसून असतात. आणि धक्क्यावर. पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीची वाट बघत.

बाईंचा चेहरा उजळला. त्या एकदम खुर्चीतून उठल्या, कॅमेऱ्यात फक्त त्यांची साडी दिसायला लागली.

"मंग झालं की! उद्या सकाळी पुस्तकं घे आनि धक्क्यावर जा! येकटी जाऊ नको, कोनाला तरी संगती ने. आनि परत देताना त्यांना बोलायला लाव!"

मी ते इंग्रजीत कसं सांगितलं ते आठवत नाही. पण पलीकडून आधी एक हुंदका आणि मग हसू ऐकू आलं. मागे बघितलं तर गिरणीतल्या बायका डोळे पुसत होत्या, जितू माउस हातात धरून तसाच उभा होता, आणि तात्या दारात नव्हते. ते बाहेर जनरेटरजवळ जाऊन उभे राहिले होते, पाठ करून.

वार्षिक सभा त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाली. एरवी या सभेला कोरम जमवायला शिपाई घरोघर पाठवावा लागे. त्या दिवशी हॉल भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. बायका गिरणीतून परस्पर आल्या होत्या. त्यांचे पिठाचे डबे भिंतीशी ओळीने मांडलेले.

"यातले सगळे सभासद नाहीत," तात्या हळूच म्हणाले.

"वाचक हायेत," बाई म्हणाल्या. हळू नाही.

तात्यांनी ठराव वाचायला कागद उचलला. तेवढ्यात जितू उठला.

"तात्या, माझा अर्ज मागं घेतो मी."

"अरे, पण तूच तर..."

"मला जागा पायजे, पण ही नको. त्या दिवशी माझ्या क्लासात जेवढी माणसं आली, तेवढी मी बोर्ड लावून, पत्रकं वाटून कधी आली नाहीत. ती काय कॉम्प्युटर बघायला आली नव्हती." तो जरा अडखळला. "माझे दोन जुने कॉम्प्युटर देतो वाचनालयाला. नेटची लाइनपण जोडून देतो. बाईंना लागंल."

कुणी तरी टाळी वाजवली आणि मग हॉल दणाणून गेला. तात्या बऱ्याच वेळाने उभे राहिले. हातातल्या कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात टाकला आणि म्हणाले, "मग आता छपराचं काय करायचं ते बोलू."

छप्पर त्याच उन्हाळ्यात झालं. पत्रे तात्यांनी स्वतः उभं राहून घालून घेतले. पावसाळा संपता संपता माझ्याकडे एक ई-मेल आली, समुद्रकाठच्या त्या बाईंची. धक्क्यावर त्यांनी पुस्तकांचं कपाट लावलं होतं. गावच्या लोकांनी सह्या केल्या होत्या आणि ग्रंथालय बंद करायचा निर्णय फिरला होता. सोबत फोटो: दाट धुकं, बोटीची वाट बघणारी, जाड कोट घातलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. जितूने तो फोटो मोठा छापून आणला. बाईंनी तो आधी वाचनालयात लावला आणि मग काढून गिरणीत नेऊन लावला, बायकांना नीट बघता यावा म्हणून. "ही आपली दुसरी शाखा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं.

त्यानंतर माझी बदली झाली. निघायच्या दिवशी वाचनालयात गेलो तर बाई नव्हत्या. मुरबाडला गेल्यात, असं कळलं. मला कल्याणला जायचं होतं, पण मुद्दाम वाट वाकडी करून मुरबाडच्या स्टँडवर उतरलो. स्टँडच्या शेडमध्ये गर्दी जमली होती, आणि त्या गर्दीतून बाईंचा आवाज येत होता. एसटीचा कंट्रोलर भिंतीवर पुस्तकांसाठी फळी ठोकायला परवानगी देत नव्हता. बाई त्याला वाचनालय म्हणजे काय ते समजावून सांगत होत्या, म्हणजे अख्ख्या स्टँडला सांगत होत्या.

मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, निघालो मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या बॅगांकडे बघितलं. डोक्यावर हात ठेवावा तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात होता. "जा मास्तर. गाडी सुटंल. हितं मला काम हाये." आणि त्या पुन्हा कंट्रोलरकडे वळल्या.

कल्याणच्या गाडीत मला खिडकी मिळाली. गाडी मागे-पुढे होत वळली तेव्हा शेड एकदा पूर्ण दिसली. कंट्रोलरने आपली टोपी काखेत मारली होती आणि दोन्ही हातांनी फळी भिंतीला लावून धरली होती. दोन पावलं मागे बाई उभ्या होत्या, कॅनव्हासचे बूट फाकवून, एक डोळा मिटून. फळी सरळ आहे का ते बघत होत्या. मग त्यांनी हाताने खूण केली: जरा वर. कंट्रोलरने फळी वर उचलली.